उभ्या कुसळी गवताची सावली छापतेय, पण कुसळं धूसर येतात. काय करू?

माळावरची, सोलापूर
लग्नसराईत फोटोग्राफी करते, त्यावर घर चालतं. जीव मात्र सायनोटाइपमध्ये आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड मिसळून मांजरपाटावर लावायचं, अंधारात वाळवायचं, उन्हात ठेवायचं, धुवायचं. ऊन लागलं तिथं निळं, सावली पडली तिथं पांढरं.

गवत तोडायचं नाही, ही माझी अट. नान्नजच्या वाटेवर, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पावसाळा सरला की कुसळी उभी असते. तिच्या बुडाशी कापड अंथरते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात सावली छापते. काड्या बुडाशी छान उमटतात. पण एकमेकांत पीळ घालून बसलेली ती काळपट कुसळं, ज्यांच्यासाठी मी जाते, ती नुसता फिकट डाग होतात. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ मध्ये याच पद्धतीनं काढलेले शेवाळांचे ठसे प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्यात तंतू न् तंतू दिसतो. माझ्याकडे का नाही?

भौतिकीवाला
ताई, त्यांचं शेवाळ कागदाला चिकटलेलं होतं. तुमचं कुसळ कापडापासून हातभर लांब आहे.

सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आपल्याला तो साधारण अर्ध्या अंशाची तबकडी दिसतो. त्यामुळे सावलीची कड अंतराच्या सुमारे ११० व्या भागाइतकी पसरते. कुसळापासून कापड ५५ सेंटिमीटरवर असेल तर कड ५ मिलिमीटर पसरली, आणि कुसळाची जाडी मिलिमीटरभरही नाही. ते विरघळणारच.

दुसरं, रसायनावर काम करतात ते अतिनील किरण, आणि ते नुसते सूर्याकडून येत नाहीत, सगळ्या आकाशातून येतात. सूर्य खाली असताना आकाशाचा वाटा वाढतो, म्हणून सावलीतही निळं चढतं. अकरा ते दोनमध्ये छापा. कापड जमिनीवर न अंथरता हार्डबोर्डवर ताणून सूर्याकडे तोंड करून कणसाच्या मागे चार बोटांवर उभं करा. कड अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर येईल. वारा पडलेला दिवस बघा.

रंगाईवाला_सोलापूर
सरांचं बरोबर आहे. पण कापडाचं बघा की ओ ताई. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती गरम पाण्यात भिजवून पूर्ण काढा, नाहीतर रंग वरवर बसतो. त्यासाठी सोडा वापरलात तर तो निघेपर्यंत खळबळा. हा निळा प्रशियन ब्लू आहे, त्याला अल्कली चालत नाही. बोअरचं पाणी बहुतेक क्षारीच असतं, म्हणून पहिल्या धुण्याच्या बादलीत चिमूटभर लिंबूसत्त्व टाका. पिवळं पाणी निघायचं थांबलं की झालं. शेड दुसऱ्या दिवशी अजून गडद होते, तोवर नाराज होऊ नका. फेरीसायनाइडजवळ तेजाब मात्र कधीही आणायचं नाही, विषारी वायू निघतो.

माळावरची, सोलापूर
दोघांचेही मनापासून आभार. ११० चा हिशोब वाचला आणि जुने ठसे पुन्हा काढून बसले. डाग जितका रुंद, तितकं कुसळ उंच! म्हणजे त्या धूसरपणात गवताची उंची लिहिलेली आहे. ते ठसे मी ठेवणार, आणि बोर्ड उभा करून शेजारी नवे काढणार.

आता एक मनात घोळतंय. कुसळ ओलं झालं की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो. त्याच हालचालीनं बी मातीत रुततं. तळहातावर एक कुसळ घेऊन पाण्याचा थेंब सोडला तर ते घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं, बघतच राहावं असं. त्याच उभ्या कणसाचा एक ठसा कोरड्यात आणि एक पाणी शिंपडून घ्यायचा आहे. पण दहा मिनिटांच्या उन्हात ते वाळून पीळ पुन्हा बसू लागेल. रसायन वाढवून वेळ कमी करता येईल का, सर?

भौतिकीवाला
रसायन वाढवू नका, थर जाड झाला तर धुताना वाहून जातो. मेमध्ये भर दुपारी अतिनील सर्वांत जास्त असतं, वेळ आपोआप कमी लागेल. वाळलेली कुसळी तोवर माळावर राहते का, ते मात्र तुम्हीच सांगा.

माळावरची, सोलापूर
गुरं पोचत नाहीत तिथं राहते. बांधाकडेची एक जागा हेरून ठेवली आहे.