शाळेच्या रंगमंचावर लहानग्यांचं गाणं : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

डिसेंबर लागला की आपल्या सोलापुरात शाळाशाळांतून पेटीचे सूर ऐकू येतात. आधी गॅदरिंग, मग 12 जानेवारीचा हुतात्मा दिन, लगेच सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. पहिली ते चौथीच्या मुलांच्या गाण्याचे अनुभव इथे लिहा. नाचाचे नकोत, गाण्याचेच. आणि तुमच्या लेकराचा आवाज खरोखर ऐकू आला का, तेवढं जरूर सांगा.

सुरुवात मी करते. लेकीच्या तिसरीच्या वर्गानं बाईंनी रचलेला चार हुतात्म्यांचा पोवाडा म्हटला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार पुतळ्यांपाशी ही नावं वाचतच आम्ही मोठे झालो. मुलांना फाशीचं 1931 साल आठवत नव्हतं, पण प्रत्येक नावानंतरचं ‘जी जी रं’ सगळं सभागृह भरून टाकत होतं. घरी आल्यावर लेकीनं विचारलं, त्यांना फाशी का दिली? मग जेवताना 1930 च्या मार्शल लॉची गोष्ट झाली.

संगीत शिक्षक, जुळे सोलापूर
ताई, पोवाड्यात सूर थोडे आणि उंच, म्हणून मुलं खुलतात. लहान मुलांचे स्वरतंतू आखूड, त्यामुळे आवाज मुळातच उंच. आपण मोठी माणसं आपल्या सोयीची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ ‘सा’, धरतो. मग ध्रुवपदात मुलांचा आवाज घशातच राहतो. पट्टी फार चढवली तर अंतऱ्याला ती ओरडतात. मी गाणं निवडतानाच मध्य सप्तकातल्या सा ते ध मध्ये भागतंय ना, ते बघतो. वर्गात एकेकाला ‘सा’ लावायला सांगतो आणि मगच पट्टी ठरवतो. तयार ट्रॅक मला अजिबात पटत नाही. तो मोठ्या गायकाच्या पट्टीत असतो, आणि स्पीकर इतका मोठा लावतात की मुलं नुसते ओठ हलवतात. पेटी, तबला, जमल्यास झांज. बास.

एक आई, विडी घरकुल
आमच्या घरी तेलुगू बोलतात. मुलगा मराठी शिकला तो बालवाडीच्या गाण्यांतून. सासूबाई विड्या वळत बसल्या की त्यांच्यासमोर त्याचा सराव चालायचा. शब्द त्यांना सगळे कळत नाहीत, चाल मात्र पक्की कळते. कार्यक्रमाला त्या दिवसाचं काम सोडून आल्या. मुलगा मागच्या रांगेत, दिसतच नव्हता. तरी त्या म्हणाल्या, “आवाज ओळखला मी.” अजून भरून येतं.

तबलावादक
सर, लयीचंही सांगतो. टाळ्या पडल्या की मुलं पळायला लागतात. आपण त्यांच्यामागे धावायचं नाही. साधा केरवा ताल, 8 मात्रा, सम म्हणजे पहिली मात्रा ठसठशीत. समोर उभ्या बाईंनी समेवर मान दिली की चिमुकली परत जागेवर येतात. तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारे तुकडे, मोठ्यांच्या मैफलीत वाजवाव्यात.

बाबा, होटगी रोड
माझा मुलगा बोलताना अडखळतो, गाताना नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं बऱ्याच मुलांत दिसतं; शब्द पाठ असतात, लय ठरलेली असते, स्वर लांबवायचा असतो. बाईंनी पहिली ओळ त्याला एकट्याला दिली. एरवी लोक त्याची वाक्यं मध्येच पूर्ण करतात. त्या ओळीत कुणीही मध्ये आलं नाही. तेव्हापासून वर्गात प्रार्थना तोच सुरू करतो.

आजी, साखर पेठ
पालकांनो, मोबाइल घेऊन पुढं उभे राहू नका. पोरं आपलं माणूस शोधत असतात. बसून ऐका.

एक आई, विडी घरकुल
सर, घरी पेटी नाही. सराव कसा करून घेऊ?

संगीत शिक्षक, जुळे सोलापूर
पेटी नसली तरी चालतं, ताई. शाळेत पट्टी कोणती ते विचारून घ्या आणि मोबाइलवर त्या पट्टीतला तानपुरा लावा. रोज दहा मिनिटं पुरेत. घसा बसला असेल त्या दिवशी मात्र त्याला गायला लावू नका.