कोब्यावरचा मळ आणि अ‍ॅसिडची बाटली

घोटाई

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली की हार्डवेअरच्या दुकानात अ‍ॅसिडच्या बाटल्या दर्शनी फळीवर येतात. अंगणातला कोबा असो, गाडीचा रॅम्प असो की टाकीखालचा ओटा, सगळ्यांना एकच औषध. ओतायचं, फेस आला की खराटा मारायचा, वर पाणी सोडायचं. माझं म्हणणं असं की मळ काढायला अ‍ॅसिड वापरूच नये. का, ते त्या फेसातच दिसतं.

तो फेस मळाचा नसतो. सिमेंटचा वरचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो. अ‍ॅसिड पडलं की तो विरघळतो आणि वायू फसफसून बाहेर येतो. चिखल, तेल, टायरचे काळे पट्टे यातलं काहीही अ‍ॅसिडमध्ये असं फेसाळत नाही. मळ गेल्यासारखा दिसतो, कारण तो ज्या कातडीवर बसलाय ती कातडीच सोलून निघते. ३० टक्क्यांचं एक लिटर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण ४७० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट खातं. म्हणजे बाटलीमागं जवळजवळ अर्धा किलो कोबा गटारात.

आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, ती जागची हलत नाही. तिच्या भोवतीचं सिमेंट तेवढं जातं. गवंड्यानं घोटून आणलेली गुळगुळीत पापडी गेली की खाली वाळू उघडी पडते, आणि त्या खरबरीत पृष्ठभागात पुढच्या पावसाळ्यात दुप्पट मळ बसतो. मग पुढच्या दिवाळीला दोन बाटल्या.

त्याऐवजी धुण्याचा सोडा घ्या. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम सोडा, वर दोन चमचे कपड्यांची पावडर. १५ मिनिटं ओलं ठेवा, वाळू देऊ नका. मग नायलॉनच्या ताठ ब्रशानं घासा. तारेचा ब्रश नको. त्याचे तुकडे फटीत अडकतात, गंजतात आणि महिन्याभरात तपकिरी ठिपके उठतात.

सरळसोट

ऐकायला बरं वाटतं. पण टाकीच्या ओव्हरफ्लोखाली बोअरच्या जड पाण्याचा जो पांढरा दगडासारखा थर बसतो, तो सोड्यानं काढून दाखवा. जन्मात निघणार नाही, कारण तो थर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. नवीन कामावर सांडलेला सिमेंटचा रबडा आणि वर आलेला खार यांचंही तेच. तिथं अ‍ॅसिडच लागतं.

बिघडतं ते अ‍ॅसिडमुळं नाही, ओतणाऱ्यामुळं. बाटली थेट कोरड्या कोब्यावर पालथी केली की ते भोकांतून आत शिरणारच. रीत अशी आहे:

आधी कोबा पाण्यानं भिजवा, भोकं पाण्यानं भरली पाहिजेत. वर डबकं नको, नुसता ओलसर. प्लास्टिकच्या बादलीत आधी १० लिटर पाणी आणि मग त्यात १ लिटर अ‍ॅसिड. उलटं कधीच नाही. अ‍ॅसिडवर पाणी पडलं तर उसळून तोंडावर येतं. थर पातळ असेल तर २० लिटरला १ पुरतं. रबरी हातमोजे, चष्मा, वारा पाठीमागून. ५ मिनिटांत घासून घ्या, १० च्या पुढं जाऊ नका. मग भरपूर पाणी आणि शेवटी बादलीभर पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा.

एवढं केलं तर कोब्याला काही होत नाही. कोपऱ्यातल्या हातभर जागेत आधी करून बघायचं, हे तरी सांगायला लागू नये.

घोटाई

पांढऱ्या थराचं मान्य. मी मळाबद्दल बोलत होतो, तुम्ही क्षाराबद्दल बोलताय. लोक मात्र दोन्हीला एकच बाटली वापरतात, भांडण तिथं आहे.

आणि "काही होत नाही" हे कसं मान्य करायचं? अ‍ॅसिडमधला क्लोराइड आत मुरतो. स्लॅब असेल, आत सळई असेल, तर सळईला गंज चढवायला क्लोराइडइतकं वाईट दुसरं काही नाही. म्हणून जमिनीवरच्या कोब्याला एकवेळ चालेल, गच्चीला आणि बाल्कनीला अजिबात नाही. शिवाय वाफेनं शेजारचं लोखंडी गेट आणि ग्रिल आठवड्यात लाल होतं. शेजारी शहाबादी बसवलेली असेल तर ओघळ तिच्यावर गेलाच म्हणून समजा. ती चुनखडीची फरशी, तिचं पॉलिश एका मिनिटात पांढरं पडतं.

अजून एक. अ‍ॅसिडनंतर करड्या कोब्यावर पिवळट झाक येते, तिला लोक "मळ राहिला" समजून परत अ‍ॅसिड मारतात. ते सिमेंट-वाळूतलं लोह बाहेर आलेलं असतं. जितकं मारणार तितकं पिवळं.

काळवट (परभणी)

तुम्ही दोघं बाटलीवर भांडताय, पण आपल्या भागातला निम्मा मळ ना सोड्याचा ना अ‍ॅसिडचा. तो काळ्या मातीचा आहे. ट्रॅक्टर शेतातून थेट खळ्यावर येतो, टायरला चार-चार किलो चिखल.

काळी माती ओली असताना पाण्यानं धुतली की ती निघत नाही, पसरते. तिचा कण इतका बारीक आणि फुगणारा की कोब्याच्या भोकात जाऊन बसतो आणि सगळीकडं एकसारखी करडी छटा येते. मग लोक म्हणतात, सिमेंटच काळं पडलंय.

म्हणून आधी काहीच करायचं नाही. दोन दिवस ऊन लागू द्या. चिखल आक्रसतो, भेगा पडतात, तुकड्यांच्या कडा वर उचलतात आणि पापडासारखे सुटायला लागतात. त्या वेळी लाकडी फळीनं सरकवायचं, खुरप्यानं नाही, मग खराटा. ८० टक्के काम कोरडंच होतं. उरलेल्या छटेला घोटाईंचा सोडा. सोड्यातलं सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतं आणि ते पाण्यात तरंगायला लागतात. त्याच वेळी वायपरनं ओढून घ्या, बसू दिलं की परत चिकटतं. बोअरचं पाणी जड असेल तर आणखी एक: सोडा टाकल्यावर बादलीत दुधट गढूळ होतं. १० मिनिटं थांबा, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी घ्या. नाहीतर तोच गाळ कोब्यावर पांढरा होऊन वाळतो.

मुरमाची लाली मात्र यानं जात नाही. तिला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर, लिटरला ५० ते १०० ग्रॅम. विषारी आहे, जनावरं पाणी पितात त्या बाजूला वाहू द्यायचं नाही.

फवारा

एवढा उपद्व्याप कशाला? प्रेशर मशिन भाड्यानं मिळतं. १०० बार दाबाचं मशिन, पंख्यासारखी धार, कोब्यापासून एक फूट वर. विषय संपला.

टँकरचं_पाणी (लातूर)

विषय संपत नाही, पाणी संपतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे. अंगण धुवायला मशिन लावलं की गल्ली खिडकीतून बघते.

फवारा

बघू द्या. हिशोब करा की. घरगुती मशिनला मिनिटाला ६ ते ८ लिटर लागतं. अर्धा इंची पाईप उघडा सोडला तर मिनिटाला १५-२० लिटर जातं. १० बाय १० फुटांचं अंगण मशिननं वीसेक मिनिटांत होतं, म्हणजे १२० ते १६० लिटर. पाईपनं तेच करायला तीनशे-चारशे लिटर, आणि वर खराटा आहेच. अ‍ॅसिडवाल्यांनी आधी भिजवायचं, मग तीनदा धुवायचं पाणीही मोजावं.

चूक कुठं होते सांगतो. एकधारी तोटी लावली आणि जवळ नेली की कोब्यावर पेनानं रेघ ओढल्यासारखी खाच पडते, ती कायमची. आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीतली कच उडून जाते. ती परत भरली नाही तर चार महिन्यांत ब्लॉक डुलायला लागतात. नवीन कोब्याला २८ दिवस मशिन दाखवायचंही नाही.

टँकरचं_पाणी (लातूर)

हिशोब बरोबर आहे, तरी मी काळवटांच्या बाजूनं. कोरडं काढता येतंय ते पाण्यानं काढायचं कशाला? आणि घोटाईंचं सोड्याचं दुसरं पाणी पहिल्या घासणीला परत वापरता येतं. दोन बादल्यांत अंगण होतं.

हळकुंड (वसमत)

सोड्याचं इतकं गुणगान चाललंय म्हणून लिहितो. हळदीच्या खळ्यावर सोडा चुकूनही टाकू नका! हळद शिजवून कोब्यावर वाळत घालतात, मग कोबा पिवळा होतोच. त्यावर सोड्याचं पाणी पडलं की पिवळ्याचा विटकरी लाल होतो. हळदीचा रंग सोड्यात, चुन्यात लालच होतो, कुंकू असंच करतात. बघणाऱ्याला वाटतं डाग वाढला, म्हणून आणखी सोडा.

खरं तर या डागाला काहीच लागत नाही. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. एप्रिल-मेचं ऊन आठ-पंधरा दिवस लागू द्या, आपोआप उडतो. घाई असेल तर साध्या साबणाच्या पाण्यानं पुसून उन्हात.

सरळसोट, तुमच्या कामाची एक युक्ती. अ‍ॅसिडनंतर सोडा पुरेसा पडला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. शेवटच्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. पिवळीच राहिली तर अ‍ॅसिड अजून असू शकतं, लालसर झाली तर ते मेलं.

सरळसोट

ही युक्ती आवडली. अ‍ॅसिड तपासायचा लिटमस कागदही लागत नाही.

पण तेलाचं कोणीच बोलत नाहीये. तिथं तुमचा सोडा हात टेकतो. कॉस्टिक सोडाच लागतो.

घोटाई

कोणतं तेल ते आधी सांगा. भजीच्या गाड्याखालचं करडीचं, सोयाबीनचं तेल कॉस्टिकनं साबण होऊन सुटतं, खरं आहे. इंजिन ऑइलचा साबण होतच नाही, ते खनिज तेल. त्यावर कितीही कॉस्टिक ओता, हाताची साल जाईल, डाग तिथंच.

ताजं ऑइल सांडलं तर पाणी टाकू नका, पुसूही नका. पुसलं की आत घुसतं. लाकडाचा भुस्सा नाहीतर कोरडं सिमेंट टाका, बुटानं दाबा, तासाभरानं झाडून घ्या. परत टाका. तिसऱ्या वेळी भुस्सा कोरडा निघाला की मग साबण.

जुना मुरलेला डाग वरून घासून जात नाही, आतून ओढून काढावा लागतो. मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवा. थालीपीठाच्या पिठाइतकं घट्ट, ओघळता कामा नये. डागाच्या बाहेर दोन इंच जाईल असा बोटभर जाड थर द्या, वर प्लास्टिकचा कागद, कडा चिकटपट्टीनं बंद. २४ तास. या वेळात टर्पेंटाइन आत उतरून तेल सैल करतं. मग कागद काढा आणि लेप वाळू द्या. वाळताना तेल वर येतं, माती काळपट पडते. ते काळं पडणं हीच पावती. खरवडून टाका, गरम सोड्याच्या पाण्यानं धुवा. एका लेपात निम्मा डाग जातो, दोन-तीन द्यावे लागतात. बिडी-काडी लांब ठेवा, आणि बंद पार्किंगमध्ये करायचं असेल तर शटर उघडं.

धान्य वाळवायच्या खळ्यावर हे करू नये. तिथं भुस्सा आणि साबण एवढंच.

चुनातंबाखू

जिन्याच्या कोपऱ्यातल्या लाल नक्षीला काय? गुटख्यावर राज्यात बंदी २०१२ पासून, नक्षी दरवर्षी नवी.

हळकुंड (वसमत)

तीच गोष्ट. काथाचा रंग चुन्यानं खुलतो, सोड्यानंही खुलतो. सोडा नको. ब्लिचिंग पावडरीची लापशी करून डागावर २० मिनिटं, मग पाणी. पावडर ताजी घ्या, उघड्या पोत्यातली मेलेली असते.

फवारा

शेवाळालाही तीच. १० लिटरला १०० ग्रॅम, संध्याकाळी मारा. दुपारी मारलं तर उन्हानं ताकद जाते आणि वाळूनही जातं.

घोटाई

ठळक करा हे: ज्या कोब्यावर आज अ‍ॅसिड मारलं तिथं आज ब्लिचिंग नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. बंद जिन्यात, बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. "दोन्ही मिसळलं की डबल साफ होतं" असं दुकानदारही सांगतात.

सरळसोट

यावर वाद नाही. बाकी ओव्हरफ्लोखालच्या थरावर मी अजून अ‍ॅसिडच सांगणार, आणि गच्चीवर वापरू नये हे मान्य. पण गच्चीवरही टाकी असतेच की. तिथल्या थराचं काय करायचं ते सांगा.

काळवट (परभणी)

आधी ओव्हरफ्लोचा पाईप थेट खाली न्या, म्हणजे थर वाढायचा थांबेल. असलेल्यावर सायट्रिक अ‍ॅसिडची पावडर, लिटरला ५० ग्रॅम, जुनं फडकं भिजवून त्यावर अर्धा तास. क्लोराइड नाही त्यात. निघतो, पण सावकाश. दोन-चार वेळा फडकं बदलावं लागतं, आणि मधूनमधून लाकडी पट्टीनं खरवडावं लागतं.

सरळसोट

सावकाश म्हणजे किती? एका बाय दोन फुटाच्या थराला अख्खा रविवार जाईल.

काळवट (परभणी)

जाऊ द्या की. स्लॅब फोडून सळई बदलायला किती रविवार जातात?