गरोदरपणात लघवीत प्रथिने २+ आली आहेत, तातडीने मदत हवी आहे

घाटमाथा: पत्नीच्या नेहमीच्या तपासणीत आज लघवीत प्रथिने २+ अशी नोंद आली. ती माहेरी, तालुक्याच्या गावी आहे. डॉक्टरांनी 'पुढच्या आठवड्यात परत दाखवा' एवढेच सांगितले. प्रथिने वाढली आहेत म्हणजे ती कमी खायला हवीत हे उघडच असल्याने सासूबाईंनी डाळ, उसळी, अंडी आणि दूध बंद केले आहे. आणखी काय बंद केले म्हणजे आठवडाभरात हा आकडा खाली येईल, एवढेच मला हवे आहे. मी पुण्यात अडकलो आहे, तेव्हा कृपया नेमके सांगावे. डॉक्टरांना विचारायचे असते, हे मलाही ठाऊक आहे.

निशिगंध: कितवा आठवडा आहे, रक्तदाब किती आहे आणि लघवी करताना जळजळ होते का, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. केवळ २+ यावर कोणी काय सांगणार?

आजीचा_बटवा: माझ्या भावजयीला अगदी असेच झाले होते. जवाचे पाणी दिवसातून तीन वेळा द्यावे आणि मीठ पूर्ण बंद करावे. तिची पुढची तपासणी स्वच्छ आली.

काचपट्टी: मी प्रयोगशाळेत काम करतो. लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवरचा पिवळा चौकोन प्रथिनांमुळे हिरवट होतो आणि तो रंग डबीवरच्या रंगांशी डोळ्यांनी ताडून पाहिला जातो. लघवी फार घट्ट असेल, अल्कधर्मी असेल, तिच्यात अंगावरचे पांढरे पाणी किंवा रक्त मिसळले असेल, तर नसलेली प्रथिनेही दिसू शकतात. उलट भरपूर पाणी पिऊन नमुना दिला, तर असलेली प्रथिने लपतात. जवाच्या पाण्यानंतरच्या 'स्वच्छ' तपासणीचे रहस्य बहुधा एवढेच असावे. लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारे, लघवीवाटे बाहेर पडणारे द्रव्य) यांचे गुणोत्तर काढून घ्या. एकाच नमुन्यावर होते आणि लघवी घट्ट आहे की पातळ, याचा हिशेब त्यातच होतो.

आजीचा_बटवा: प्रत्येक अनुभव खोटा ठरवायची या मंडळींना घाई असते. जव शेकडो वर्षांपासून वापरात आहेत.

घाटमाथा: जवांवरून वाद नको. चौतिसावा आठवडा आहे. जळजळ नाही. कार्डावर रक्तदाब १४२/९२ लिहिला आहे, पण ती दोन जिने चढून गेली होती. पायांवर सूज आहे, ती सगळ्यांनाच असते. आता आहाराचे सांगा.

पांढरी_टोपी: मी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. हा रक्तदाब आपण शेवटी लिहिलात, तो सर्वांत आधी यायला हवा होता. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब निदान चार तासांच्या अंतराने दोनदा आढळला आणि सोबत लघवीत प्रथिने असली, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. जिन्यांमुळे आकडा वाढला असेलही. म्हणूनच पाच मिनिटे शांत बसवून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून तो आजच पुन्हा मोजायचा असतो. आठवडाभर थांबू नये. डोके दुखते का, डोळ्यांपुढे चमकते का, उजव्या बरगडीखाली दुखते का, धाप लागते का, बाळाची हालचाल कमी झाली आहे का, हे फोन करून तिलाच विचारा. यांतले एक जरी असले किंवा रक्तदाब १६०/११० च्या घरात गेला, तर १०८ ला फोन करून शस्त्रक्रियेची आणि नवजात शिशुकक्षाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. आहाराचे म्हणाल, तर ही प्रथिने ताटातून उतरत नाहीत. मूत्रपिंडाची गाळणी दुखावल्यामुळे रक्तातली प्रथिने गळत असतात. डाळ आणि अंडी बंद केल्याने गळती थांबत नाही, आई मात्र अशक्त होते. मीठ पूर्ण तोडण्याचाही उपयोग नाही.

टेम्सकाठ: इथे इंग्लंडमध्ये माझ्या बहिणीचे गुणोत्तर ३० च्या वर गेल्यावर निदान झाले होते. तिला बाराव्या आठवड्यापासूनच ॲस्पिरिन दिले होते. आपणही विचारून घ्या.

निशिगंध: ॲस्पिरिन प्रतिबंधासाठी असते आणि ते शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात. चौतिसाव्या आठवड्यात त्याची आठवण काढून काय साधणार?

घाटमाथा: डोके सकाळपासून दुखते आहे, पण तिला अर्धशिशी जुनीच आहे. मेहुणा तिला जिल्ह्याच्या गावी घेऊन निघाला आहे. चोवीस तासांची लघवी साठवायची असल्यास घरून बाटली न्यावी का?

पांढरी_टोपी: बाटली राहू द्या, कार्ड आणि जुने अहवाल न्या. डोकेदुखीचे खापर अर्धशिशीवर फोडू नका, तिथे स्पष्ट सांगा. आमच्या वेळी लघवीने भरलेल्या परीक्षानळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवून ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकत असू. गढूळपणा विरला तर फॉस्फेट, टिकला तर प्रथिने. रक्तदाब चढा आणि गढूळपणा टिकलेला, अशा बाईला आम्ही घरी पाठवत नसू.

घाटमाथा: दाखल केले आहे. रक्तदाब दोन्ही वेळा १५० च्या आसपास आला, रक्तदाब उतरवणारे लॅबेटालॉल सुरू केले. प्लेटलेट आणि यकृताच्या चाचण्या ठीक आहेत. गुणोत्तर ०.६ आले. टेम्सकाठ यांच्या ३० पुढे हे नगण्यच म्हणायचे ना?

काचपट्टी: नाही. त्यांचा आकडा मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये आहे, आपला मिलिग्रॅमला मिलिग्रॅम. आपल्या एककात मर्यादा ०.३ आहे, म्हणजे चोवीस तासांत साधारण ३०० मिलिग्रॅम. आपला आकडा तिच्या दुप्पट आहे. रोज पट्टी बुडवत बसायला सांगतील असे मात्र समजू नका. निदान झाल्यावर प्रथिने किती वाढली यावर प्रसूतीची वेळ ठरत नाही.

पांढरी_टोपी: ती रक्तदाब, प्लेटलेट, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि बाळाची वाढ यांवर ठरते. सारे आटोक्यात राहिले तर साधारण सदतिसाव्या आठवड्यापर्यंत थांबतात. बिघडले तर आधीच प्रसूती करतात, आणि झटक्यांचा धोका दिसला तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्या इंजेक्शनाने अंग गरम झाल्यासारखे वाटते, त्याने घाबरू नये. सोनोग्राफी झाली असेल, तर बाळाचे वजन आणि डॉप्लरचा (नाळेतल्या रक्तप्रवाहाच्या तपासणीचा) निष्कर्ष इथे लिहा.