फॅनफिक फुकट असली म्हणून काय झालं
"हौसेनं लिहितात, पैसे घेत नाहीत, मग चुका कशाला काढायच्या?" फॅनफिकबद्दल, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहते लिहितात त्या कथांबद्दल, असं म्हणतात. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. लेखकानं विचारल्याशिवाय इतरांनी चुका काढू नयेत, हे ठीक. पण ऑनलाइन टाकण्याआधी कथा कुणाकडून तरी तपासून घ्यायची, ही पद्धतही फॅनफिकवाल्यांचीच. त्या वाचकाला बीटा म्हणतात. (न तपासता टाकलेल्या कथांवर 'बीटा नाही, मर्दासारखं मरू' अशा अर्थाचा टॅगही एओथ्री या फॅनफिकच्या साइटवर जोरात चालतो, ते सोडा.)

बीटाला 'कशी वाटली?' विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर येईल. पहिल्या वाचनात त्याला फक्त पात्रं आणि मूळ कथेशी मेळ बघायला सांगा, भाषा दुसऱ्यात. उलटं केलंत तर जो प्रसंग उडणार आहे त्याचेच स्वल्पविराम सुधारत बसाल.

सगळ्यात जास्त खटकतात ती नावाऐवजी येणारी विशेषणं. समजा शेरलॉक होम्सची फॅनफिक आहे, प्रसंग त्याचा मित्र वॉटसनच्या नजरेतून चाललाय आणि मध्येच "उंच गुप्तहेर खिडकीपाशी गेला". अहो, एका घरात राहणाऱ्या मित्राला कुणी मनात 'उंच गुप्तहेर' म्हणेल का? नाव पुन्हा यायला नको म्हणून हे होतं. इंग्रजीत दोन पुरुष समोरासमोर आले की 'he' (तो) म्हणजे नेमका कोण, असा घोळ होतो, त्यातून ही सवय आलीय. मराठीत "उठला, खिडकीपाशी गेला" एवढ्यावर भागतं. घोळ व्हायला लागला तर सरळ 'होम्स' लिहा. नाव वाचकाला टोचत नाही.

संवादांतले 'तो म्हणाला' एकदा खोडून बघा. कोण बोलतंय ते कळेना, तर दोघंही लेखकाच्याच आवाजात बोलताहेत.