बायोगॅसच्या टाकीला सिम्युलेशन हवे कशाला?

कुडाळवासी: शेणाची टाकी कोणताही गवंडी बांधतो, प्रवाहाचे सिम्युलेशन, म्हणजे टाकीत माल कसा फिरेल हे संगणकावर गणिताने आधीच रंगीत चित्रांत पाहणे, ही प्राध्यापकांची हौस आहे, असे काल येथे एकाने ठासून लिहिले. शेणकाला पाण्यासारखा वाहत नाही. ढवळणाऱ्या पात्यापाशी तो पातळ होतो आणि लांबच्या कोपऱ्यात तसाच घट्ट बसून राहतो. त्यामुळे जो माल ४० दिवस आत राहायला हवा, त्यातला काही थोड्याच दिवसांत बाहेर पडतो आणि उरलेला आत विनाकारण जागा अडवतो. असे कोपरे बांधकामाआधी कोणता गवंडी दाखवील? असे गणित करणारी ओपनफोम ही संगणक-प्रणाली २००४ पासून फुकट मिळते, तेव्हा खर्चाची सबब नको.

वेंगुर्ल्याचा बागायतदार: काल लिहिणारा मीच. दीनबंधू या घुमटाच्या छोट्या घरगुती टाकीत मुळात पातेच नसते, हे आपणांस ठाऊक नसावे. खादी ग्रामोद्योगच्या खोल टाकीत मधोमध भिंत घालतात ती माल थेट बाहेर पडू नये म्हणूनच, आणि ती संगणकाशिवाय सुचली. आमच्या टाकीचा उपसा केला तेव्हा तळाशी जांभ्याची रेती घमेल्यांनी निघाली; आपल्या रंगीत चित्रात ती असते का?

कुडाळवासी: घातली तर असते. न घालणाऱ्याचा राग गणितावर कशाला?

लांज्यातील वाचक: खरा प्रश्न जिवाणूंचा आहे. शेजाऱ्यांनी काजूचे बोंडू भरमसाट ओतले आणि शेगडी पेटेनाशी झाली, कारण आंबटपणा वाढून सामू (पीएच) ६.५ च्या खाली गेला की मिथेन करणारे जिवाणू मंदावतात.

वेंगुर्ल्याचा बागायतदार: बोंडू टाकीत घालणे हाच करंटेपणा! पलीकडे गोव्यात त्याची फेणी गाळतात आणि आपण ते बागेत कुजवतो; रस आंबवून इथेनॉल काढा, म्हणजे टाकीचा वादच मिटेल.

लांज्यातील वाचक: रस काढल्यावर चोथा उरतो, तो आपल्या अंगणात टाकू काय? शिवाय बोंडू दोन दिवसांत सडतो आणि हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. वर्षभर ती भट्टी कशावर चालवणार, हे आधी सांगा.

कुडाळवासी: भट्टीचे भांडण पुरे. जिवाणूंचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे: आंबट रस एका जागी साचला तर सामू प्रथम तेथेच कोसळतो, आणि तो शेणात किती लवकर मिसळेल हे प्रवाहावरच ठरते. दीनबंधूला हा खटाटोप नको, हे मात्र कबूल.

वेंगुर्ल्याचा बागायतदार: एवढे तरी पदरात पडले! मोठ्या प्रकल्पासाठी खुशाल गणित करा. पण ते गणित खरे ठरले का हे पाहायला, टाकी चालू झाल्यावर लिथियमचा क्षार घालून तो बाहेर केव्हा व किती येतो हे मोजण्याचा खर्चही निविदेत धरा, नाहीतर त्या चित्रांचे बिल आमच्या सोसायटीकडे पाठवू नका.