जुन्या बेसबॉल कार्डांवरच्या फोटोंबद्दल मदत हवी आहे

मंडळी, १८८७ च्या सुमाराची ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटात मिळणारी, खेळाडूंचे फोटो असलेली बेसबॉल कार्डं हल्ली बारकाईने बघतोय. बहुतेक फोटो स्टुडिओतले. खेळाडू झेल घ्यायला हात वर करून उभा, चेंडू मात्र दोरीला टांगलेला, आणि ती दोरी चक्क दिसते! मागे रंगवलेली झाडी. स्टुडिओच्या उजेडात उडता चेंडू टिपणं तेव्हा अवघड होतं, हे पटतं. पण पोझ कोण ठरवायचं? वर लागलेली नजर, रोखलेली बॅट यांतून तेव्हाच्या अमेरिकन माणसाला मर्दानी रुबाब दिसायचा का? पुढे १९०९ ते ११ च्या ‘टी-२०६’ या रंगीत छापील सिगारेट-कार्डांच्या मालिकेत होनस वॅग्नर या बेसबॉलपटूमागे नुसता नारिंगी रंग उरतो. हा बदल फक्त छपाईमुळे की खेळाडूची प्रतिमाच बदलली म्हणून? छायाचित्रणाचा इतिहास अभ्यासलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.