मदत हवी आहे: कोसळणारा तारा बाहेर फुटतो कसा? न्यूट्रिनोंचा भाग मुलांना कसा सांगावा?

नमस्कार मंडळी,

परळच्या एका रात्रशाळेत मी विज्ञान शिकवते. दिवसभर कुणी पार्सलं पोचवून येतं, कुणी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून; पण आकाशाचा विषय निघाला की सगळ्यांची पेंग उडते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ‘मोठे तारे कसे मरतात’ यावर नववी-दहावीच्या मुलांशी तासभर बोलायचं आहे. तयारी बरीचशी झालीय. एका जागी अडलंय, आणि ती जागा गाळून पुढे जायची माझी इच्छा नाही, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

सुरुवात सोपी जाते. सूर्याच्या साधारण आठपटीहून जड तारा हायड्रोजन संपला की हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं एकेक इंधन जाळत जातो. वीस-पंचवीस सूर्यांएवढ्या ताऱ्यात हायड्रोजन काही दशलक्ष वर्षं पुरतो, सिलिकॉन जेमतेम एखादा दिवस. पुढे ताऱ्याच्या मध्यभागी, गाभ्यात, लोखंड साठतं. त्याच्या अणुकेंद्रांच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही. हा गाभा तोलून धरलेला असतो इलेक्ट्रॉनांच्या दाबाने, आणि त्या दाबाला मर्यादा आहे: गाभ्याचं वस्तुमान सुमारे १.४ सूर्यांएवढं होईपर्यंतच तो पुरतो. १९३० साली एकोणीस वर्षांचे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहूनच बोटीने इंग्लंडला निघाले आणि त्या प्रवासात त्यांनी या मर्यादेचं गणित मांडलं. हे तर मी मुलांना सांगणारच. आपल्या बंदरातून निघालेला, त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा!

मर्यादा ओलांडली की पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये शिरतात, न्यूट्रॉन तयार होतात, न्यूट्रिनो (कशालाही सहसा न अडणारे, विद्युतभार नसलेले अतिसूक्ष्म कण) सुटतात. घनता अणुकेंद्राएवढी झाली की पदार्थ आणखी दाबला जात नाही, गाभा उसळी घेतो आणि बाहेरच्या दिशेने शॉकवेव्ह, म्हणजे धक्क्याची लाट, निघते.

बरेच लेख इथेच ‘आणि ताऱ्याचा स्फोट होतो’ म्हणून मोकळे होतात. पण तसं होत नाही! वरून अजून लोखंड पडतच असतं, आणि त्याची अणुकेंद्रं फोडण्यात शॉकवेव्हची ताकद खर्ची पडते. सूर्याच्या दहाव्या भागाएवढं लोखंड फोडायचं म्हटलं तरी अख्ख्या स्फोटाला पुरेल एवढी ऊर्जा लागते. त्यामुळे केंद्रापासून शे-दीडशे किलोमीटरवर शॉकवेव्ह थबकते. तिला पुन्हा चालना देतात ते न्यूट्रिनो, असं मी वाचलंय. कोसळण्यातून सुटणारी ऊर्जा सूर्य त्याच्या अख्ख्या आयुष्यात देईल त्याच्या शेकडो पट; त्यातली सुमारे ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात, टक्काभर स्फोटाच्या गतीत जाते आणि प्रकाशाच्या वाट्याला त्याहूनही कितीतरी कमी येते. म्हणजे आपल्याला जे झगमगताना दिसतं ते अगदी किरकोळ.

आता माझ्या अडचणी.

पहिली. न्यूट्रिनो अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो, हे मुलांना आधीच सांगितलंय. १९६५ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो टिपले, तेव्हा त्यांना किती खोल उतरावं लागलं तेही सांगितलंय. मग तोच न्यूट्रिनो ताऱ्याला कसा ढकलतो, हा प्रश्न येणारच. गाभ्याच्या प्रचंड घनतेत तेही अडकतात आणि बाहेर पडायला त्यांना काही सेकंद लागतात, हे मला समजलंय. पण शॉकवेव्हच्या मागच्या विरळ थरात थोडेच न्यूट्रिनो शोषले जातात, तेवढे का पुरतात? आणि संगणकावर तारा अगदी गोल, सर्व बाजूंनी सारखा धरला तर स्फोट सहसा होत नाही, पण आतला पदार्थ ढवळू दिला की होतो. हे ढवळणं नेमकी काय मदत करतं? दहावीच्या मुलाला कळेल असं कुणी लिहू शकेल का? समीकरणं नकोत, कारण हवं.

दुसरी अडचण प्रयोगाची. बास्केटबॉलच्या डोक्यावर टेनिसचा चेंडू धरायचा आणि दोन्ही एकदम सोडायचे. आमच्या शहाबादी फरशीवर बास्केटबॉल टप्पा घेतो न घेतो तोच वरचा चेंडू सुसाट उडतो, थेट पंख्याच्या पात्याला लागतो. मुलांना प्रचंड आवडतो. पण त्यात नुसती उसळी पुरते, ताऱ्यात पुरत नाही. प्रयोग दाखवून मग ‘ताऱ्यात हे इथे अडतं’ म्हणावं, की मुलांच्या डोक्यात उसळीच पक्की बसेल? ज्यांनी शिकवलंय त्यांचा अनुभव हवा.

तिसरी. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलन मेघातला (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला) तारा फुटल्याचा प्रकाश पहिल्यांदा छायाचित्रात नोंदला गेला, त्याच्या सुमारे तीन तास आधी जपानच्या कामिओकांदे यंत्रणेत ११ न्यूट्रिनो टिपले गेले होते. त्या अकरांच्या वेळा आणि ऊर्जा यांचा तक्ता कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. मुलांकडून आलेखाच्या कागदावर तो काढून घ्यायचाय. एवढ्या मोठ्या घटनेचा पुरावा आपल्या हाताने मांडता येतो, हे त्यांना कळायला हवं.

जाता जाता एक: ते तीन तास म्हणजे साधारण शॉकवेव्हला ताऱ्याच्या पृष्ठभागावर यायला लागलेला वेळ. तो तारा निळा होता आणि आकाराने त्यामानाने आटोपशीर. मृग नक्षत्रातल्या काक्षीसारख्या (बेटेलज्यूज) फुगलेल्या तांबड्या ताऱ्यात शॉकवेव्ह पृष्ठभागावर यायला बराच जास्त वेळ लागेल ना? व्याख्यान संपल्यावर गच्चीवरून मृग दाखवणार आहे, तेव्हा हा प्रश्न हमखास येईल. मुंबईच्या उजेडातही काक्षी दिसते.

या विषयातलं कुणी संध्याकाळी सातनंतर परळला येऊ शकत असेल तर फारच बरं होईल. व्यक्तिगत निरोप पाठवा, शाळेचा पत्ता कळवते.